कप्तान हेन्स : एडनचा संस्थापक, मुंबईचा कैदी

राजमाचीच्या परिसरातील डोंगरांतून उगम पावून, कर्जत, नेरळ, बदलापूर ही गावे मागे टाकीत कल्याणच्या खाडीला मिळणारी उल्हास नदी आणि तिच्या खोऱ्यात वसलेली बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर ही तीन नगरे यांचा इतिहास सांगताना समुद्राचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः या खोऱ्याचे प्राक्तन समुद्राशी प्राचीन काळापासून निगडित आहे. शके ९८२ चा शिलालेख अंगावर वागविणारे अंबरनाथचे शिवालय ज्या उत्तर कोकणच्या शिलाहारांनी उभारले, त्यांचे वैभव ठाणे, शूर्पारक आणि चेऊल या बंदरांतून चालणाऱ्या अरबी व्यापारावर पोसलेले होते; आणि त्या वंशाचा अखेरचा राजा सोमेश्वर यादवांशी झालेल्या आरमारी युद्धातच नाश पावला. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर कोरलेली वल्ह्यांची जहाजे त्याच युद्धाचे स्मारक मानली जातात. पुढे १६५७ साली कल्याण-भिवंडी हस्तगत होताच शिवछत्रपतींनी याच खाडीच्या काठी गलबते बांधावयास घेतली, आणि मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ उल्हासच्या पाण्यात झाला.

एकोणिसाव्या शतकात या खोऱ्याचा कायापालट ज्या आगगाडीने केला, तीही समुद्रावरील घडामोडींशी संबद्ध होती. इंग्लंडची टपाल सुएझच्या मार्गाने तांबड्या समुद्रात उतरावी, कोळशावर चालणाऱ्या आगबोटीने मुंबईस पोहोचावी आणि तेथून घाट चढून दख्खनेत जावी, या योजनेचा एक टप्पा कल्याण-बदलापूरचा लोहमार्ग होता, तर दुसरा टप्पा अरबस्तानच्या दक्षिण टोकावरचे एडन बंदर होते. हे बंदर मुंबई सरकारला ज्याने मिळवून दिले, पंधरा वर्षे ज्याने ते सांभाळले, आणि ज्याला त्याच सरकारने मुंबईच्या तुरुंगात सहा वर्षे डांबून ठेवले, त्या कप्तान स्टॅफर्ड बेट्सवर्थ हेन्स या आरमारी अधिकाऱ्याचे चरित्र म्हणूनच आपल्या इलाख्याच्या इतिहासातील एक प्रकरण आहे. आणि राज्यसत्ता आपल्या माणसांकडून काम कसे घेते व त्यांचा हिशेब कसा करते, याचा त्याहून बोलका दाखला त्या शतकात क्वचितच सापडेल.

हेन्सचा जन्म १८०२ सालचा. पंधरा-सोळा वर्षांच्या कोवळ्या वयात तो ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘बाँबे मरीन’ या आरमारात उमेदवार अधिकारी म्हणून दाखल झाला. शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, विजयदुर्ग धुळपांच्या हातून गेला आणि कोकणचा किनारा कुलाब्याच्या आंग्र्यांच्या लहानशा संस्थानापुरता मराठ्यांच्या स्वाधीन उरला, तो हाच सुमार होय. ज्या आरमाराने आंग्र्यांशी दीर्घकाळ झुंज घेतली होती, त्याला आता पश्चिम किनाऱ्यावर प्रतिस्पर्धी असा उरला नाही. त्यामुळे लढाईऐवजी समुद्राच्या मोजणीचे काम त्याच्या वाट्यास आले. इराणचे आखात, तांबडा समुद्र आणि अरबस्तानचा किनारा यांची खोली, खडक, वारे आणि नांगरवाडे यांची बिनचूक नोंद करून नकाशे तयार करणे, हे कर्म वरवर शुष्क वाटले तरी त्यासाठी लागणारे धैर्य रणांगणावरील धैर्याहून उणे नव्हते. असह्य उष्मा, खारट झालेले पाणी, ज्वर आणि किनाऱ्यावरील टोळ्यांचा अविश्वास यांना तोंड देत हे तरुण अधिकारी वर्षानुवर्षे शिसे बांधलेली दोरी पाण्यात सोडून वाव मोजीत राहिले. १८३० साली ‘बाँबे मरीन’चे नाव बदलून ‘इंडियन नेव्ही’ झाले, तरी वेतन अल्प, बढती मंद आणि राजाच्या आरमारातील अधिकाऱ्यांपुढे दुय्यम मान, ही त्याची स्थिती पालटली नाही.

१८३४ पासून ‘पॅलिन्युरस’ या जहाजाचे आधिपत्य हेन्सकडे होते आणि अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्याची मोजणी त्याच्यावर सोपविलेली होती. त्याच्या हाताखालचा लेफ्टनंट वेलस्टेड याने याच मोहिमेत हिस्न घुराब येथील खडकावरचे प्राचीन हिम्यरी शिलालेख पाहून उतरून घेतले, आणि युरोपीय पंडितांना दक्षिण अरबस्तानच्या विस्मृत संस्कृतीचा मागोवा लागला. हेन्सची दृष्टी मात्र एका पडक्या शहरावर खिळली होती. विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात वसलेले, एके काळी हिंदुस्थान आणि मिसर यांच्यामधील साऱ्या व्यापाराचे नाके असलेले एडन तेव्हा अवघ्या सहाशेच्या आसपास माणसांचे उजाड खेडे बनले होते. तथापि त्याच्या पश्चिमेस पसरलेला उपसागर कोणत्याही ऋतूत मोठ्यांतल्या मोठ्या जहाजाला निर्धास्त आसरा देऊ शकेल, हे त्याने मोजून पाहिले होते, आणि तसा निर्वाळा तो आपल्या अहवालांतून आग्रहाने देत राहिला.

अशा बंदराची निकड त्याच काळात निर्माण झाली होती. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघून ३३ व्या दिवशी सुएझला पोहोचली, तेव्हा आफ्रिकेस वळसा घालण्यात जाणारे महिने वाचू शकतात हे सिद्ध झाले. पण त्या चारशे टनांच्या बोटीला कोळशाचे ओझे पेलवेना, आणि वाटेत थांबून कोळसा भरून घेतल्यावाचून गत्यंतर नव्हते. सोकोत्रा बेटावर ठाणे घालण्याचा प्रयत्न झाला, पण तेथील तापाने फौज जर्जर होऊन तो सोडून द्यावा लागला. मग मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांचे लक्ष हेन्सने वर्णिलेल्या एडनकडे वळले. निमित्तही अनायासे हाती आले. १८३७ च्या आरंभी ‘दर्या दौलत’ नावाचे, इंग्रजी निशाण लावलेले आणि हजच्या यात्रेकरूंना घेऊन जाणारे जहाज एडनजवळ फुटले. किनाऱ्यावरील लोकांनी ते लुटले आणि यात्रेकरूंची, त्यांतील स्त्रियांचीही, विटंबना केली. या अपकृत्याचा जाब विचारण्यासाठी आणि जमल्यास बंदराचा सौदा पटविण्यासाठी त्या वर्षाच्या अखेरीस हेन्सची रवानगी झाली.

एडनचा धनी लहेजचा वृद्ध सुलतान मुहसिन हा होता. खलिते गेले, आले. लुटीचा काही माल परत झाला. आणि १८३८ च्या जानेवारीत वार्षिक ८,७०० रियालांच्या मोबदल्यात एडन कंपनीला द्यावे, अशा बोलीपर्यंत गोष्ट येऊन ठेपली. परंतु सुलतानाच्या पुत्राला बापजाद्यांचे बंदर विकणे मानवले नाही, आणि भेटीच्या मिषाने हेन्सला धरून कागदपत्र हिसकावून घेण्याचा बेत रचला गेला. हेन्सला त्याची आगाऊ खबर लागल्याने तो फसला नाही, पण तहही तडीस गेला नाही. या साऱ्या व्यवहाराचे अवलोकन करताना एक गोष्ट स्पष्टपणे म्हटली पाहिजे. यात्रेकरूंची लूट हा अपराध खराच होता. परंतु त्याची भरपाई मागणे वेगळे आणि त्याच्या जोरावर दुसऱ्याचे बंदर मागणे वेगळे. हेन्स हा कर्तव्यनिष्ठ पुरुष होता, तरी ज्या कर्तव्याला त्याने निष्ठा वाहिली होती ते परमुलूख घेण्याचे होते, आणि सुलतानाच्या पुत्राने दाखविलेला विरोध कपटाचा असला तरी त्याच्या मुळाशी असलेली भूमीची ममता आपल्यासारख्या, राज्य गमावलेल्या लोकांना सहज उमगावी अशी आहे.

जुलै १८३८ मध्ये ग्रँटसाहेब पुण्याजवळ दापोडी येथे निवर्तले, तरी त्यांनी आरंभिलेला उद्योग थांबला नाही. हेन्स पुन्हा एडनपुढे येऊन नाकेबंदी करून बसला, आणि अखेर १९ जानेवारी १८३९ रोजी राणीच्या आरमाराची ‘व्होलेज’ व ‘क्रूझर’ या युद्धनौका आणि कंपनीची जहाजे यांनी सीरा बेटावरील किल्ल्यावर तोफांचा भडिमार केला. मुंबईहून आलेल्या सुमारे सातशे शिपायांत गोऱ्या पलटणीबरोबर मुंबई इलाख्याची २४ वी देशी पलटण होती. काही तासांतच एडनवर इंग्रजांचे निशाण लागले. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीत तिच्या साम्राज्याला जोडला गेलेला हा पहिला मुलूख. किल्ल्यात सापडलेल्या तोफांपैकी काही थोर ओतीव तोफा लंडनला नजर म्हणून पाठविण्यात आल्या. त्या सोळाव्या शतकातील तुर्की आरमाराच्या होत्या, आणि १५३८ साली हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर चालून गेलेल्या सुलेमान पाशाच्या स्वारीचे त्या अवशेष होत्या.

त्या सुमारास मुंबई सरकारने काय काय पदरात पाडून घेतले, हे एकत्र पाहिले म्हणजे एडनच्या घटनेचा खरा अर्थ ध्यानी येतो. डिसेंबर १८३८ मध्ये कुलाब्याचे राघोजी आंग्रे वारले. त्यांच्या पश्चात जन्मलेले बालकही थोड्याच महिन्यांत गेले. दत्तकाची विनंती अमान्य होऊन १८४० साली कान्होजींचे ते संस्थान खालसा झाले. एडन पडल्यावर पुरते तीन आठवडे लोटले नाहीत तोच, मुंबईच्या गोदीतच बांधलेल्या ‘वेलस्ली’ या प्रचंड युद्धनौकेने फेब्रुवारी १८३९ च्या आरंभी कराचीच्या मुखावरील मनोऱ्याच्या किल्ल्याची भिंत तोफांनी पाडली आणि ते बंदर घेतले. सप्टेंबरात साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीस रवाना करण्यात आले. मराठ्यांचा किनारा, मराठ्यांची गादी, सिंधचे बंदर आणि अरबस्तानचे द्वार यांवर एकाच दप्तरातून, थोड्याच काळात हात पडला.

विजयानंतर सैन्याचे अधिकारी गेले, आणि हेन्स पोलिटिकल एजंट म्हणून मागे राहिला, तो १८५४ पर्यंत. या पंधरा वर्षांत त्याने एकदाही रजा घेतली नाही. नोव्हेंबर १८३९ मध्ये आणि १८४० साली अरबांनी एडन परत घेण्यासाठी चढाया केल्या, आणि त्या परतविण्यात आल्या. परंतु तलवारीपेक्षा भेटीगाठी, पत्रव्यवहार आणि वर्षासने यांवर हेन्सचा भरवसा अधिक होता. कोणत्या टोळीचे कोणाशी वैर, कोणाला काय सलते, सना येथील इमामाच्या दरबारात काय शिजते, याची बित्तंबातमी त्याला त्याच्या हेरांकडून मिळत असे. कारवाने एडनकडे वळू लागली, मोख्याच्या कॉफीचा व्यापार हळूहळू इकडे ओढला गेला, आणि १८५० साली जकात माफ करून एडन खुले बंदर म्हणून जाहीर झाल्यावर तर त्याच्या भरभराटीला सीमा उरली नाही. सहाशेच्या वस्तीचे ते खेडे १८५६ पर्यंत वीस हजारांवर गेले. अरब, यहुदी, सोमाली, पारशी, गुजराती बनिये आणि मुंबईहून गेलेले शिपाई व कारकून अशा नानाविध लोकांचे ते नगर झाले. आसपासच्या टोळ्यांतील लोक एडनकरांना पुढे कित्येक वर्षे ‘हेन्सची लेकरे’ म्हणत असत. एका परकीय अंमलदाराच्या नावाने प्रजा ओळखली जावी, यातच त्याच्या कर्तृत्वाची पावती आहे.

परंतु या कर्तृत्वाच्या पोटातच अनर्थाचे बीज होते. हेन्स हा एडनचा राजकारणी, न्यायाधीश, जकातीचा अधिकारी, बांधकामाचा देखरेखदार आणि खजिनदार असा सर्व काही एकटाच होता. फौजेचा पगार, जहाजांचा कोळसा, शेखांची वर्षासने, हेरांना दिलेले पैसे, पाहुण्यांचे आदरातिथ्य, हे सारे एकाच तिजोरीतून होत असे. आणि जमाखर्च लिहिणारी निष्णात माणसे मुंबईने पुरेशी दिली नाहीत. समुद्राची खोली वाव-वाव मोजणाऱ्या या मनुष्याला तिजोरीची मोजदाद मात्र जमली नाही. तसलमात दिलेल्या रकमांची रुजुवात झाली नाही, पावत्या राहून गेल्या, आणि शिल्लक कागदावर एक व पेटीत दुसरी अशी होत गेली. अखेर तपासनीस आले, तेव्हा सुमारे २८,००० पौंडांची, म्हणजे त्या वेळच्या पावणेतीन लाखांहून अधिक रुपयांची तूट निघाली.

१८५४ साली हेन्सला मुंबईस बोलावून घेण्यात आले आणि त्याच्या जागी, खानदेशात भिल्लांची पलटण उभारून नावारूपास आलेला जेम्स आउट्रॅम पाठविला गेला. हेन्सवर अपहार आणि फसवणूक यांचे फौजदारी आरोप ठेवून मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खटले चालले. ज्यूरीने एकदा नव्हे, दोनदा त्याला निर्दोष ठरविले. कारण त्याने एक पैही स्वतःसाठी घेतल्याचा पुरावा नव्हता, आणि इतक्या मोठ्या रकमेचा धनी झालेल्या माणसाच्या राहणीत त्या रकमेची खूण कोठेही दिसत नव्हती. येथे प्रकरण मिटावयास हवे होते. पण कंपनी सरकारने दिवाणी मार्ग धरला: चोरी सिद्ध न झाली तरी तिजोरीची जबाबदारी त्याची, म्हणून तूट त्याने भरून द्यावी. ती भरणे त्याच्या आवाक्याबाहेर होते. तेव्हा सरकारचा ऋणको म्हणून त्याला मुंबईच्या दिवाणी तुरुंगात टाकण्यात आले, आणि गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या कारकीर्दीत तो तेथेच राहिला.

ज्या वर्षी हेन्सचा खटला उभा राहिला, त्याच वर्षी १ मे रोजी मुंबईची आगगाडी ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणास पोहोचली. तो कोठडीत असताना १८५६ साली तीच वाट अंबरनाथच्या शिवारातून, बदलापूरवरून पळसदरीपर्यंत गेली. १८५८ साली खंडाळा-पुणे हा वरचा भाग सुरू झाला. आणि बोरघाटाचे अवघड काम हजारो मजुरांच्या श्रमाने व असंख्यांच्या प्राणांच्या मोलाने चालू राहिले. एडनला कोळसा भरून आलेल्या आगबोटींची टपाल मुंबईच्या धक्क्यावर उतरत होती. पुण्याकडील टपाल पुढे याच बदलापूरच्या मार्गाने घाटाकडे जाणार होती. आणि या मार्गाचा सागरी दुवा ज्याने जोडला तो त्याच मुंबईत बंदिवान होता. दरम्यान १८५७ चा प्रलय होऊन गेला, कंपनी बुडाली, राणीचे राज्य आले. पण कंपनीचे येणे मात्र राणीच्या सरकारने माफ केले नाही.

मे १८६० मध्ये सर जॉर्ज क्लार्क यांनी मुंबईची सूत्रे दुसऱ्यांदा हाती घेतली, आणि त्यांनी हेन्सला मुक्त करविले. सहा वर्षांच्या कारावासाने त्याचे शरीर पोखरून गेले होते. मायदेशी जाण्यासाठी तो जहाजावर चढला खरा, पण जहाजाने मुंबईचे बंदर सोडण्यापूर्वीच, १६ जून १८६० रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याचे निधन झाले. ज्या आरमारात त्याने आयुष्य वेचले ते ‘इंडियन नेव्ही’ही १८६३ साली मोडून टाकण्यात आले, आणि त्याच वर्षी बोरघाटातून मुंबई-पुणे सलग आगगाडी सुरू झाली.

एडनचा मुंबईशी असलेला संबंध यानंतरही दीर्घकाळ टिकला. १९३२ पर्यंत ते मुंबई इलाख्याचाच भाग गणले जात होते आणि १९३७ मध्ये ते हिंदुस्थानापासून पूर्णपणे अलग झाले. या संबंधातील सर्वांत हृदयद्रावक प्रसंग महाराष्ट्राच्या स्मरणात कायमचा कोरलेला आहे. पनवेलजवळच्या शिरढोणचे, बालपणी कल्याणला शिकलेले, आणि पुढे काही काळ जी. आय. पी. रेल्वेत चाकरी केलेले वासुदेव बळवंत फडके यांना जन्मठेपेची शिक्षा भोगण्यासाठी १८८० साली एडनलाच पाठविण्यात आले. तेथल्या तुरुंगाचे दार उखडून त्यांनी पलायन केले, पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्याच भूमीत त्यांनी देह ठेवला. हेन्सने साम्राज्यासाठी मिळविलेले ठिकाण साम्राज्याच्या शत्रूचे कारागृह झाले, आणि ते मिळविणारा स्वतः त्या साम्राज्याच्या मुंबईतील कारागृहात खितपत पडला होता. या दोघांची तुलना करणे अयोग्य होईल. एकाने सत्तेची सेवा केली, दुसऱ्याने स्वातंत्र्यासाठी सर्वस्व अर्पिले. परंतु ज्या सत्तेने स्वातंत्र्यवीराला दया दाखविली नाही, तिने आपल्या सेवकालाही दाखविली नाही, हे नमूद करणे इतिहासकाराचे कर्तव्य आहे.

एडनबरोबर घेतलेल्या कराची या दुसऱ्या बंदराचाही ऋणानुबंध अखेर याच खोऱ्यात येऊन पोहोचला. फाळणीनंतर कराचीहून आगबोटींनी मुंबईस उतरलेल्या सहस्रावधी सिंधी कुटुंबांना कल्याणच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला, आणि त्या छावणीचे ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर झाले. १८३९ च्या त्या हिवाळ्यात मुंबईहून सुटलेल्या जहाजांनी जे बंदर जिंकले होते, त्याचीच लेकरे सुमारे एकशे दहा वर्षांनी निराधार होऊन मुंबईच्या धक्क्यावर उतरली, आणि त्यांनी परिश्रमाने येथे नवे नगर वसविले.

हेन्सविषयी निर्णय द्यावयाचा तर तो दोन अंगांनी द्यावा लागेल. सुलतान मुहसिनाच्या बाबतीत तो एका अन्यायाचे साधन झाला. त्याच्या शौर्याने वा सौजन्याने त्या गोष्टीचे स्वरूप बदलत नाही. परंतु हिशेबाच्या बाबतीत दोष एकट्या त्याचा नव्हता. दहा जणांचे काम एकाच्या शिरावर लादावयाचे, त्याला कारकून द्यावयाचे नाहीत, त्याने मिळविलेले यश पंधरा वर्षे निमूटपणे पदरात घ्यावयाचे, आणि मग न्यायालयाने दोनदा निर्दोष ठरविलेल्या मनुष्याला तुटीपायी कैदेत झिजवावयाचे, हे कृत्य कोणत्याही सुसंस्कृत राज्यसंस्थेला शोभणारे नाही. उल्हासच्या खोऱ्यातील अभ्यासू तरुणांना एवढेच सांगावयाचे आहे की, आपल्या गावाचा इतिहास लिहावयास घ्याल तेव्हा देवळातील शिलालेख आणि गावची दप्तरे यांबरोबर मुंबईच्या पुराभिलेखागारातील आरमाराचे आणि एडनचे कागदही आवर्जून पाहा; कारण या तिन्ही नगरांच्या इतिहासाचा मोठा अंश समुद्रावर घडलेला आहे.